बॅटरीचा तांबडा दिवा

सुशिक्षित माणसाने कोणती कामे स्वतःच्या हातांनी करावी आणि कोणती दुसऱ्याकडून करवून घ्यावी, याविषयी आपल्या समाजात एक अलिखित संहिता आहे. आंब्याचे रोप लावणे, ग्रंथांना कव्हरे घालणे, दिवाळीत आकाशकंदील बांधणे ही कामे तिने प्रतिष्ठित ठरविली आहेत. नळाचा वायसर बदलणे हे सीमेवरचे काम. रविवारी सकाळी केले तर ते खपते. परंतु मोटारीचे झाकण उघडून आत कोपरापर्यंत हात घालणे मात्र त्या संहितेला मुळीच मान्य नाही. भोपाळच्या अरेरा कॉलनीत तर नाहीच नाही. येथे सेवानिवृत्त सचिव राहतात, डॉक्टर राहतात, आमच्यासारखे वकील राहतात; आणि कोणाच्या फाटकात कोणाची गाडी उघडी पडली आहे, ही बातमी मालकाच्या आधी बिट्टन मार्केटात पोचलेली असते.

ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील मास्तरकीपेक्षा बेळगावातील सायकलींचे दुकान पसंत केले, त्यांचे नाव आपण सभांतून किती आदराने घेतो! १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती तेलकट हातांच्या बळावर, हेही सांगतो. आणि घरी येऊन पंक्चर काढावयास मुलाला पिटाळतो. असो.

आमची मोटार म्हणजे २००६ सालची मारुती ८००. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले; म्हणजे आमची गाडी ही त्या वंशाची उत्तरकालीन संतती होय. ती घेतली आमच्या वडिलांनी, अण्णांनी, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून. नोंदणीपुस्तकात आजवर त्यांचेच नाव होते. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर २०२१ साली तिची नोंदणी पुन्हा करून घेतली तीही त्यांनी स्वतः रांगेत उभे राहून. आम्ही मुखत्यारपत्र तयार करून देऊ केले असता, ‘वकिली घरात नको’ एवढेच म्हणाले.

गेल्या मार्गशीर्षात या गाडीच्या दर्शनी फळीवरील बॅटरीचे चिन्ह असलेला तांबडा दिवा इंजिन सुरू झाल्यावरही जळत राहू लागला. दोन दिवसांत रात्रीचे दिवे मंदावले. तिसऱ्या दिवशी हबीबगंज नाक्यापाशी गाडीने मान टाकली. स्टेशनाचे नाव २०२१ पासून राणी कमलापती झाले असले तरी नाका अजून जुन्याच नावाने ओळखला जातो. ढकलत-ओढत ज्या कारखान्यात ती नेली तेथील तरुणाने झाकणही न उघडता निकाल दिला, ‘साहब, इसमें पैसा मत लगाइए.’ साक्षीपुरावा न घेता दिलेल्या निकालाविरुद्ध अपील करणे हा आमचा धर्मच आहे; परंतु या वेळी अपील अण्णांनी केले. ‘गाडी घरी आण. बनवायला कुठेही द्यायची नाही,’ ते म्हणाले. (पुण्याकडील वाचकांनी या ‘बनवायला’ शब्दाला हसू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातून आमच्या आजोबांसारखे शेकडो मराठी कारकून येथे आले. तेव्हापासून आमच्या मराठीत गाड्या बनतात, दुरुस्त होत नाहीत.)

येथे अण्णांची ओळख करून देणे प्राप्त आहे. त्यांची सारी नोकरी भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये झाली. इंग्लंडमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने उभारलेला हा कारखाना पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी राष्ट्राला अर्पण केला. धरणांच्या पायथ्याशी फिरणारी प्रचंड विद्युतजनित्रे तेथे बनतात. अण्णांचे आयुष्य त्या जनित्रांच्या तांब्याच्या वेटोळ्यांना वेष्टने चढविण्यात गेले. मोटारीतील अल्टरनेटर हा त्याच कुळातला, नारळाएवढा जीव. कारखान्यातील थोरली भावंडे मिनिटाला शे-दीडशे फेरे घेत गंभीरपणे फिरतात. हा चिमुकला इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने गरगरतो. मूळ तत्त्व मात्र एकच आणि तेही फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेले: तारेजवळून चुंबक फिरवा, तारेत वीज उत्पन्न होते.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी विकार झाला. या विकाराची रीत मोठी क्रूर असते. कडेकडेचे दिसते, ज्याकडे पाहावे नेमके तेच दिसत नाही. टेबलावरील पाना दिसेल, पण हातात घेऊन पाहू गेल्यास त्याच्यावरचा आकडा नाहीसा होईल. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला वाहन चालविण्याचा परवाना दर पाच वर्षांनी डॉक्टरांच्या दाखल्यासह नवा करून घ्यावा लागतो. अण्णांची मुदत त्याच महिन्यात संपत होती, आणि डॉक्टरांनी दाखल्यावर सही करणार नाही असे आम्हांला बाजूला घेऊन सांगितले होते. अण्णांना ते कोणी सांगितले नव्हते. घरात सौभाग्यवतींनी विषय काढला की आम्ही तारखेचा बहाणा करावा आणि आम्ही काढला की त्यांनी स्वयंपाकघराचा, असे चालले होते. अशा वेळी ती गाडी बंद पडावी आणि कारखानदाराने भंगारात काढण्याचा सल्ला द्यावा, यात एक सोय होती. ती सोय घरातल्या सर्वांच्या लक्षात आली होती. बोलले कोणीच नाही.

रविवारी सकाळी सात वाजता चौकशी सुरू झाली. न्यायाधीश अण्णा, मोड्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले. साक्षीदार आमचे चिरंजीव, वय सोळा, हातात विजेचा दाब मोजण्याचा मीटर. आम्ही कनिष्ठ वकिलाप्रमाणे विजेरी धरून उभे. बॅटरी रात्रभर शेजाऱ्यांकडच्या यंत्रावर चढवून आणली होती. इंजिन बंद असता मीटरने १२.६ दाखविले, म्हणजे बॅटरी निर्दोष. इंजिन सुरू केले. अल्टरनेटर धडधाकट असता तर काटा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढला असता. तो १२.३ वर आला आणि आमच्या डोळ्यांदेखत १२.१ वर उतरला. ‘म्हणजे गाडी बॅटरी खाते आहे,’ अण्णा म्हणाले, ‘मिळकत शून्य, खर्च चालू.’

चिरंजीवांचे मत, आता अल्टरनेटर काढावा. अण्णांनी त्यांची उलटतपासणी घेतली. पट्टा घसरत नाही कशावरून? अंगठ्याने दाबून पाहिला, सैल नव्हता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी? होती थोडी, ती गरम पाण्याने धुऊन, घासून काढली. (गोव्याच्या किनाऱ्यावरील आमचे एक स्नेही सांगतात की तेथील खाऱ्या वाऱ्यात निम्मे रोग याच जागी सापडतात.) जाड तार कुठे तुटलेली? नाही. मग अण्णांनी मागितला एक साधा लोखंडी पेचकस. किल्ली फिरवून, इंजिन मात्र सुरू न करता, त्यांनी तो अल्टरनेटरच्या पाठीशी, जेथे धुरी बसते तेथे नेला. आम्हांला काहीच दिसले नाही. त्यांच्या बोटांना मात्र कळले. ‘ओढतो आहे. चुंबक तयार होतो. म्हणजे आतले कोळशाचे ब्रश ठीक, फिरते वेटोळे ठीक. दोष बाहेरच्या स्थिर वेटोळ्यात, नाहीतर डायोडात. हे ओट्यावर बसून बरे होणारे दुखणे नव्हे. बदलावा लागेल.’ मग त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, ‘जळला आहे.’

या डायोडांविषयी दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. अल्टरनेटरात उत्पन्न होणारी वीज क्षणोक्षणी दिशा पालटणारी असते आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज लागते. डायोड हे एकेरी वाहतुकीचे नाके. ते विजेला मागे फिरू देत नाहीत. असे चिमुकले आणि स्वस्त नाके निर्माण होईपर्यंत मोटारींना डायनमावरच भागवावे लागे. जुन्या अँबॅसिडरच्या मालकांना आठवत असेल, गर्दीत गाडी हळू चालली की डायनमा काही कमवीत नसे. अमेरिकेत १९६० च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने आपल्या गाड्यांत अल्टरनेटर बसविला, आणि हळूहळू जगभर डायनमा अस्तास गेला. तथापि भोपाळचे जुने मिस्त्री आजही अल्टरनेटरला ‘डायनमा’च म्हणतात.

काढण्याच्या कामात एकच कायदा मोडावयाचा नाही: प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावयाची. कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही बॅटरीची वीज खेळत असते. पाना तिला आणि गाडीच्या अंगाला एकदम लागला तर ठिणग्यांची दिवाळी होते. ते झाले. वरच्या खाचेतील बोल्ट सैल करून, पट्टा उतरविला. खालचा बोल्ट मात्र गंजून बसला होता. चिरंजीवांनी हातोडी उचलली. अण्णा म्हणाले, ‘ठोकू नकोस. तेल सोड आणि चहा पी.’ असे तीन चहा झाले. आम्ही गोणपाटावर उताणे पडून, डोळ्यांत पडणारी माती चुकवीत विजेरी धरली असता फाटकाबाहेर समोरच्या बंगल्यातील निवृत्त सचिव थांबले आणि ओळखीचा चांगला मिस्त्री पाठवू का, असे त्यांनी सहानुभूतीने विचारले. अण्णांनी आतूनच उत्तर दिले, ‘मिस्त्री आहे. सोळा वर्षांचा आहे.’ अकराच्या सुमारास बोल्टने एक किंकाळी फोडली आणि तो फिरला.

बाजारात आम्ही तिघेही गेलो, शेजाऱ्यांच्या गाडीतून. दुकानाच्या फळीवर जुना आणि नवा असे दोन्ही अल्टरनेटर शेजारी शेजारी ठेवून अण्णांनी डोळे मिटले. हे डोळे मिटणे आम्ही प्रथमच पाहिले. न दिसणाऱ्या मध्यभागाचा त्रास होऊ नये म्हणून असावे. कानांमधले अंतर त्यांनी वितीने मोजले, पुलीच्या खाचेतून नख फिरविले, तारांच्या खोबणीचा आकार चाचपला. पहिला नग परत केला. त्याची पुली किंचित मोठी होती. दुकानदार अस्सल भोपाळी. आरंभी ‘को खाँ’ म्हणून आमची थट्टा करीत होता. दुसरा नग त्याने स्वतः फडक्याने पुसून पुढे ठेवला. जुना परत दिल्यास पाचशे रुपये कमी पडणार होते. अण्णांनी तो दिला नाही. कारण विचारण्याची आमची छाती झाली नाही.

बसविणे हे काढण्याच्या नेमके उलट, असे पुस्तके सांगतात. पट्ट्याच्या ताणापाशी मात्र पुस्तक मुके होते. सैल राहिला तर घसरतो आणि ओरडतो. फार ताणला तर धुरी खातो. अंगठ्याने दाबता बोटाच्या जाडीहून थोडा कमी दबला पाहिजे. चिरंजीवांनी पहारीने अल्टरनेटर रेटून धरला, आम्ही बोल्ट आवळला, अण्णांनी अंगठा ठेवला. ‘अजून.’ पुन्हा. ‘आता जास्त झाला.’ पुन्हा. चौथ्या खेपेस त्यांनी हात काढून घेतला. ऋण बाजू सर्वांत शेवटी जोडली.

किल्ली फिरविली, तांबडा दिवा लागला. लागलाच पाहिजे, कारण त्याच दिव्यातून जाणारी वीज चुंबकाला पहिला जोर देते. इंजिन सुरू झाले.

‘विझला का?’ अण्णांनी विचारले. ते दिव्याकडे तोंड करूनच उभे होते.

‘विझला, आजोबा.’

‘का विझला ते सांग.’

चिरंजीव गप्प. अण्णांनी सांगितले, ‘आधी एकाच बाजूने वीज येत होती, बॅटरीकडून. आता अल्टरनेटरकडूनही तेवढीच आली. दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला की मधल्या दिव्याला काही उरत नाही.’ मीटर १४.२ दाखवीत होता. मोठे दिवे आणि पंखा लावून पाहिले तेव्हा १३.८. अण्णांनी मान हलविली.

हात धुऊन ते बैठकीत आले आणि आम्हांला म्हणाले, ‘तुमच्या कायद्यात ते एकोणतीस आणि तीस नंबरचे कागद असतात ना, ते उद्या घेऊन ये. गाडी तुझ्या नावावर करू.’

आम्ही म्हटले, ‘घाई काय आहे, अण्णा?’

‘घाई नाही. डॉक्टरांनी सही नाकारली हे त्यांच्या गप्प राहण्यावरूनच मला त्या दिवशी कळले. बंद पडलेली गाडी मुलाच्या नावावर करायची नव्हती, म्हणून थांबलो.’

सौभाग्यवती पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच आत गेल्या. सोमवारी आम्ही दोन्ही नमुने आणले. हस्तांतर करणाऱ्याच्या सहीची जागा बोट ठेवून दाखवावी लागली. सही मात्र वळणदार आली.

जुना अल्टरनेटर पुढचा आठवडाभर ओट्यावर वर्तमानपत्रावर पडून होता. रोज संध्याकाळी आजोबा आणि नातू त्याला उघडीत बसत. आतल्या लोखंडी कड्याच्या खाचा मोजण्यास अण्णांनी सांगितले. चिरंजीवांनी डोळ्यांनी मोजल्या त्या पस्तीस, अण्णांनी नखाने मोजल्या त्या छत्तीस. पुन्हा मोजता छत्तीसच भरल्या. तीन वेटोळ्यांपैकी एक काळेठिक्कर पडले होते. ते उलगडून त्याची तार सरळ कशी काढावयाची, हे सध्या चालू आहे. रद्दीवाला दोनदा विचारून गेला. तांबे वजनावर द्यावयाचे नाही, अशी त्याला ताकीद मिळाली आहे.