दोन घास कमी

पथ्य हें म्हातारपणीं धरावयाचें नसून तरुणपणींच अंगीं मुरवावयाचें असतें, असें साठी उलटल्यापासून मला वाटूं लागलें आहे. जपानांतील ओकिनावा बेटांवरील वृद्ध पोटाचे दहांतील आठ भाग भरले कीं जेवण आटोपीत. रताळीं, भाज्या व सोयाबीन हा त्यांचा आहार आणि परसबाग हाच व्यायाम. १९८५ सालीं तेथील पुरुष दीर्घायुष्यांत देशांत पहिले होते. पुढें, १९४५ नंतर अमेरिकन तळांबरोबर आलेल्या डबाबंद मांसावर वाढलेली पिढी प्रौढ झाली, आणि २००० सालीं ते २६ वे ठरले. बेटें तींच, रक्त तेंच, ताट बदललें. आमच्या वाग्भटानेंही पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावयास सांगितलें आहे. म्हणून पंगतींत नातवाला आग्रह करतांना माझा हात थबकतो. त्याच्या ऐंशीव्या वर्षाचें ताट आपण आजच वाढीत असतों.