सूरजागड, धुकं आणि ‘मिसिंग’ मारणारी मारुती ८००

नागपूरच्या वर्कशॉपला महिनाभर न सापडलेला बिघाड जंगलातल्या एका पहाटे तासाभरात सापडला!

कुर्र… कुर्र… कुर्र… ठप्प.

जानेवारी २०२४. पहाटेचे साडेपाच. आलापल्लीतल्या लॉजसमोर धुकं इतकं दाट की बॉनेटचं टोकही दिसत नव्हतं. मी आणि माझी मैत्रीण सूरजागडला निघालेलो आणि बाबांची १९९८ची मारुती ८०० हट्टाला पेटलेली. चोक ओढून झाला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून झाला. शेवटी नुसता पेट्रोलचा वास!

हे दुखणं जुनंच. सकाळी सेल्फ मारला की गाडी आधी उठायचीच नाही. उठली तर दहा मिनिटं लंगडत चालायची, मग एकदम शहाण्यासारखी. नागपूरच्या एका वर्कशॉपने कार्बोरेटर बदलायला सांगितला होता. तो खर्च ऐकून बाबांनी भंगारवाल्याशी बोलणंही सुरू केलं होतं. ज्या गाडीत मी ड्रायव्हिंग शिकले, ती भंगारात? ‘एक शेवटची ट्रिप’ म्हणून मी किल्ली मागून घेतली होती.

लाल धुळीचा रस्ता

आदल्या दिवशी गडचिरोली, चामोर्शी, आष्टी असं करत आलो होतो. आष्टीनंतर सागवान सुरू होतं आणि सोबतीला लोहखनिजाचे ट्रक. पुढच्या ट्रकच्या मागे लाल ढग, त्यात आमची चिमुकली ८००. हे खनिज एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरातलं. इथे उत्खनन सुरू झालं २०१६मध्ये. त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून जास्त वाहनं जाळली. मग २०२१पासून खाण पुन्हा जोरात चालू झाली. मुक्कामी पोचेपर्यंत पांढरी गाडी विटकरी झाली होती.

भाऊंचं निदान

लॉजवाल्या काकांनी फोन लावला आणि सहाच्या सुमारास ट्रकची कामं करणारे एक मेकॅनिक भाऊ स्वेटर-मफलर घालून हजर. मी कार्बोरेटरचं पुराण सुरू केलं, तर म्हणाले, “थांबा जी ताई. गाडी रात्रभर थंड आहे न? मग आत्ताच खरं सांगन ते.”

हाच सगळ्यात मोठा फंडा! थंडीतला बिघाड थंड गाडीतच दिसतो. वर्कशॉपला पोचेपर्यंत आमचं इंजिन गरम व्हायचं आणि दुखणं गायब. ते बिचारे कशावरून ओळखणार?

भाऊंनी सेल्फ मारायला लावला. जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय, उलट जास्तच. मग तिन्ही प्लग काढले. ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे एक जरी रुसला तरी एक तृतीयांश ताकद गेली आणि सगळी गाडी थरथरणार. दोन प्लगवर कोरडी काजळी होती, तिसरा पेट्रोलने ओलाचिंब. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाहीये.

प्लग पुसून, घासून, आपसात बदलून लावले. गाडी सुरू झाली, पण लंगडी. तिसरा सिलिंडर दुसरा प्लग घेऊनही गप्पच. म्हणजे दोष प्लगचा नव्हता.

“लाइट बंद करा,” भाऊ म्हणाले. मोबाइलचा टॉर्च विझवला. नीट उजाडलं नव्हतं ते बरंच झालं. तिसऱ्या प्लगच्या वायरच्या वळणावर निळी ठिणगी टिकटिक करत इंजिनच्या लोखंडावर उडी मारत होती! वायरला केसाएवढी चीर. धुक्याने ती ओली झाली की करंट तिथूनच पळणार. इंजिन तापून वायर वाळली की गाडी पुन्हा सरळ. महिनाभराचं कोडं एका काळ्या वायरमध्ये!

आणि काजळी? भाऊंनी एअर फिल्टर काढून दगडावर आपटला. भसाभस तांबडी भुकटी पडली. “गाडीले श्वासच घेता येऊन नाही राहिला, ताई. त्यात तुम्ही चोक ओढून ठेवता.” चोक म्हणजे मुळातच हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणं. फिल्टर तुंबलेला असला की ते वाजवीपेक्षा जास्त होतं आणि प्लग काळे पडतात. थोडक्यात, आम्ही सूरजागडला पोचायच्या आधीच सूरजागड आमच्या फिल्टरमध्ये येऊन बसलं होतं!

दुसऱ्या गाडीची जुनी वायर लावली, चोक अर्धा ओढला, सेल्फ मारला. घर्रर्र! बिल तीनशे रुपये.

डोंगरासमोर

एटापल्ली, हेडरी करत सूरजागड गाठलं. माडिया आदिवासींचा ठाकूरदेव याच डोंगरात. दर जानेवारीत त्याची यात्रा भरते, ती नुकतीच होऊन गेली होती. एकीकडे देवाचा डोंगर, दुसरीकडे त्याचाच पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला लाल उतार. कुणाला या खाणीत रोजगार दिसतो, कुणाला आपलं जंगल जाताना दिसतं. मी बोटांकडे बघितलं. फिल्टरचा तांबडा रंग नखांत तसाच होता. कालपर्यंत ज्याला मी नुसती धूळ म्हणत होते, तो हा डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेच धुकं, तीच थंडी. श्वास रोखून सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात तिन्ही सिलिंडर बोलले. मी आधी बाबांना फोन लावला. भंगारवाल्याला नाही सांगायला!

जुनी गाडी नेताय?
• सकाळचा बिघाड असेल, तर गाडी आदल्या रात्रीच मेकॅनिककडे ठेवा. थंड गाडी दाखवा.
• क्रम लक्षात ठेवा: बॅटरी, ठिणगी, पेट्रोल, हवा. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.
• डिकीत तीन प्लग, एक वायरचा सेट आणि एअर फिल्टर हवाच.
• इंजिन ओव्हरफ्लो झालं, तर चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा.
• २०२५पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पोचलं. थंडीत इथेनॉलची वाफ उशिरा होते, रबरी पाइपही लवकर खराब होऊ शकतात. जुन्या गाडीचे पाइप तपासून घ्या.
• हेडरीहून कोनसरीला खनिज नेणारी पाइपलाइन २०२५मध्ये सुरू झाली. तरी या रस्त्यावर काचा बंद आणि अंधाराआधी मुक्काम!