ठिपक्यांची वही

नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आमचं क्रिकेट त्या पॅसेजमधलं. चेंडू कुणाच्या घरात गेला की आउट, भिंतीला लागून एका हाताने पकडला तरी आउट. सरळ बॅटने खेळण्यावाचून इलाजच नसे. मुंबईच्या फलंदाजांच्या सरळ बॅटवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय; मला विचाराल तर त्यातलं थोडं श्रेय त्या दारांना आणि दारात लाटणं घेऊन उभ्या राहणाऱ्या मावश्यांना द्यायला हवं. मला मात्र सरळ, वाकडं, कसंच खेळता येत नसे. म्हणून पोरांनी माझ्या हातात खडू दिला आणि सांगितलं, तू भिंतीवर स्कोअर लिही. पुढे खडू जाऊन पेन आलं, भिंत जाऊन वही आली. चाळीसेक वर्षं झाली, मी तेच करतोय. ऑफिसची टीम, मग शिल्डचे सामने, पावसाळ्यात कांगा लीग.

लोकांना वाटतं स्कोअरर धावा लिहितो. खरं तर दिवसभर तो ठिपके देतो. चेंडू पडला, धाव नाही, एक ठिपका. षटकाच्या चौकोनात तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी बसतात. सहाही चेंडू कोरे गेले की ते ठिपके रेषेने जोडायचे, इंग्रजी एम तयार होतो, म्हणजे मेडन. निर्धाव षटकात बळी गेला तर उलटं जोडून डब्ल्यू. आमच्या मजल्यावर दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी निघायची, तेव्हा मी बायकांच्या शेजारी बसून हेच बघत असे: आधी ठिपके चोख हवेत, रेषा नंतर.

मुंबईच्या संघाला ‘खडूस’ म्हणतात. हे विशेषण मला मैदानात कधी नीट दिसलं नाही, वहीत मात्र दिसतं. 1934-35 साली रणजी स्पर्धा सुरू झाली, पहिलंच विजेतेपद मुंबईचं. 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा. आणि 2024 च्या मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाला 169 धावांनी हरवून बेचाळिसावं. हे आकडे कुणीही सांगेल. मला त्या पंधरांतलं 1970-71 चं जास्त आवडतं. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडीजला, आणि इथे सुधीर नाईकांनी उरलेली मुलं घेऊन रणजी जिंकली. पुढे हेच नाईक वानखेडेची खेळपट्टी सांभाळत.

1973 चा अंतिम सामना चेपॉकवर, तामिळनाडूविरुद्ध. मी तेव्हा बारा वर्षांचा. पेपरातला स्कोअरबोर्ड कापून वहीत चिकटवला, तो अजून आहे; डिंकाने पिवळा पडलाय. मुंबई 151 आणि 113. तामिळनाडू 80 आणि 61. पद्माकर शिवलकर 16 धावांत 8, मग 18 धावांत 5. पेपर बळी छापतो, ठिपके छापत नाही. त्या डावांची मूळ वही एकदा बघायला मिळावी अशी फार इच्छा होती. एकाच टप्प्यावर चेंडूमागून चेंडू, समोरच्याला धाव नाही, आणि चौकोनामागून चौकोन ठिपक्यांनी भरत चाललाय. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. 2025 च्या मार्चमध्ये शिवलकर गेले. कसोटी नाही मिळाली म्हणून लोक हळहळतात. मीही हळहळतो, पण मला त्या रिकाम्या चेंडूंचं जास्त वाटतं. पेपरात ते कुठेच येत नाहीत.

1973 च्या त्या विजयानंतर पुढच्याच वर्षी बंगळुरूला उपांत्य सामन्यात कर्नाटकने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि पंधरांची माळ तुटली. पहिल्या डावातली आघाडी ही चीज बाहेरच्याला कळत नाही. सामना अनिर्णित, तरी एक जण जिंकलेला! पण बाद फेरीचं रणजी क्रिकेट बरंचसं तिच्यावर चालतं, आणि म्हणूनच मुंबईत अकरा नंबरवालाही विकेट फेकत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. आझाद मैदानावर एक शिल्डचा सामना होता. तिथे एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगला चिकटून उभा असतो. आमची टीम क्षेत्ररक्षण करत होती. शेवटची जोडी धावली, सामना संपला, माझ्या वहीत बरोबरी. शेजारी समोरच्या टीमचे स्कोअरर, वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या वहीत ते एक धाव जास्त करून जिंकलेले. मी ताठ होतो, कारण माझा ताळा बसत होता: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेग बाय बरोबर तेच एकूण. त्यांचाही ताळा बसत होता. दोन्ही कॅप्टन डोक्यावर उभे. म्हाताऱ्याने माझी वही ओढली, बोट फिरवत मागे गेला आणि शांतपणे म्हणाला, “अहो, तुमच्या या षटकात पाचच चेंडू आहेत.”

होते खरे. तो सहावा चेंडू पडला तेव्हा मी शेजारच्या सामन्यातला झेल बघत होतो. लेग बाय होता, पंचांनी खूण केली असणार, आणि मी न बघताच हात वर करून होकार दिला असणार. धाव दोन्हीकडून गळाली, म्हणून ताळा बिनबोभाट जुळला. त्या दिवसापासून मी धावा जुळवायच्या आधी चेंडू मोजतो. आमच्या टीमने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

म्हणून 1991 चा तो रणजीचा अंतिम सामना मला बाकीच्यांसारखा आठवत नाही. वानखेडेवर हरियाणाने 355 चं लक्ष्य दिलेलं, तेंडुलकर 96, वेंगसरकर नाबाद 139, कुरुविला धावबाद, आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकरांचं रडणं सगळ्यांना आठवतं. मी घरी जाताना लोकलमध्ये एकच विचार करत होतो: दोन धावा म्हणजे दोन लेग बाय.

2017 मध्ये मुंबईचा पाचशेवा रणजी सामना, पुन्हा वानखेडे, बडोद्याविरुद्ध. पहिल्या डावात मुंबई 171 वर गारद, बडोद्याने पावणेसहाशे ठोकल्या. शेवटच्या दिवशी सिद्धेश लाड 238 चेंडूंत नाबाद 71. सामना वाचला. त्या दिवसाचं पान मी अधूनमधून उघडून बघतो. दीडशेच्या वर ठिपके एकट्याच्या नावावर. टीव्हीवर हे कुणी दाखवणार नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

बडोद्याविरुद्धच 2024 चा उपांत्यपूर्व सामना. बीकेसीला मी नुसता प्रेक्षक होतो, पण वही बरोबर असतेच. पहिल्या डावाची 36 धावांची आघाडी खिशात, अनिर्णित राहिला तरी मुंबई पुढे. तरी दहावा तनुष कोटियन आणि अकरावा तुषार देशपांडे खेळतच राहिले. कोटियन नाबाद 120, देशपांडे 123, शेवटच्या जोडीची भागी 232. दहाव्या-अकराव्याने एकाच डावात शतकं ठोकण्याचा प्रकार त्याआधी एकदाच झालेला, 1946 साली ओव्हलवर सरेविरुद्ध. चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी, 249. छापील वहीत अकराव्याच्या ओळीला एवढी जागा ठेवलेलीच नसते. देशपांडेच्या धावा माझ्या समासात गेल्या, तिथून वळसा घालून खाली.

आता मोठ्या सामन्यांत लॅपटॉपवरही स्कोअरिंग होतं, पाच चेंडूंचं षटक ते यंत्र चटकन पकडतं. नायगावच्या चाळीही पाडून टॉवर उभे राहतायत. वह्यांची ट्रंक नव्या घरात कुठे ठेवायची हा आमच्याकडे वादाचा विषय आहे.

पावसाळ्यात कांगा लीगचा सामना दिसला तर थांबा. तंबूत टेबलापाशी दोन माणसं वह्यांवर वाकलेली दिसतील. जवळ बसा, चहा पाजलात तर उत्तम. फक्त काही विचारायचं असेल तर षटक संपल्यावर विचारा.