सतरावा मजला, सी-व्ह्यू

योकोहामाचा वीकेंड मी चक्क एक्सेल शीटमध्ये प्लॅन केला होता. हसू नका. ऑफिसच्या कामासाठी सहा महिने टोकियोत काढले की माणूस असाच होतो. २०२४च्या नोव्हेंबरात आई पंधरा दिवसांसाठी आली. तिचा पहिला विमानप्रवास, पहिला परदेश... आणि तिला समुद्र बघायचा होता. टोकियोत शिबुयाहून ट्रेन पकडली की चाळीसेक मिनिटांत योकोहामाचं बंदर. शिवाय मुंबई आणि योकोहामा १९६५पासून 'सिस्टर सिटीज'. म्हणजे तसं मावशीकडेच जाणं!

शीटमध्ये सगळं होतं. २९६ मीटर उंच लँडमार्क टॉवर. कॉस्मो क्लॉक नावाचा ११२.५ मीटरचा आकाशपाळणा. कप नूडल्स म्युझियम, जिथे आपला कप आपणच रंगवायचा (शाकाहारी मंडळींनी रंगवण्यापुरतंच जावं). चायनाटाऊन. आणि सगळ्यात भारी म्हणजे सतराव्या मजल्यावरची सी-व्ह्यू रूम. बोनस झाला होता. आईवर नाही उडवायचा तर कुणावर?

शनिवार मस्त गेला. निदान मला तसं वाटलं. आई टॉवरवर आली नाही. "खालूनच बरं दिसतंय." पाळण्यातही बसली नाही. जुन्या लाल विटांच्या गोदामांत आता दुकानं आहेत, तिथे मात्र दोन तास रमली. दुपारी बाकावर बसून तिने आणलेल्या दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली. रूममध्ये आल्यावर मी पडदा सर्रकन बाजूला केला, खाली बंदराचे दिवे. आईने पाहिलं, "छान आहे गं" म्हणाली आणि खिडकीपासून लांबच्या बेडवर जाऊन बसली.

रात्री अडीचच्या सुमारास हलकासा धक्का बसला. कपाटातले हँगर्स किणकिणले, बस्स. जपानी माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात, अशातला. सहा महिन्यांत मीही तेच शिकले होते.

पाचला जाग आली तर शेजारचा बेड रिकामा.

आई खाली लॉबीत सापडली. शाल गुंडाळून, पर्स मांडीवर घेऊन, दाराच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीत. रिसेप्शनवरच्या मुलाने तिला गरम चहा आणून दिला होता, साखर-दूध नसलेला, आणि तिने तो तसाच गार होऊ दिला होता. मी काय केलं असेल? चिडले. "अगं, या बिल्डिंगला काही होत नाही! सांगायचं तरी ना!" आई म्हणाली, "बाहेर जाऊ या का जरा?"

यामाशिता पार्क चालत दहा मिनिटांवर होतं. समुद्राला लागून लांबलचक बाग, शेजारच्या रस्त्यावर पिवळीधमक झालेली गिंकोची झाडं. उजाडत होतं. कठड्याशी नांगरलेलं 'हिकावा मारू' हे १९३०चं जहाज, जे युद्धात हॉस्पिटल झालं आणि आता म्युझियम आहे, अजून बंद होतं. बागेच्या एका टोकाला घुमटाची छोटी वास्तू दिसली. "हे आपल्याकडचं वाटतंय," आई म्हणाली. होतंच. योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९मध्ये शहराला दिलेली पाणपोई. १ सप्टेंबर १९२३ला ऐन जेवणाच्या वेळी, चुली पेटलेल्या असताना भूकंप झाला. जे पडलं नाही ते आगीत गेलं. त्यात आपली माणसंही होती. जी वाचली त्यांना इथल्या लोकांनी आधार दिला, त्याची ही आठवण. आणि शहराचा तो सगळा राडारोडा समुद्रात ढकलला, भर घातली, त्यावर १९३०मध्ये ही बाग केली.

माझ्या शीटच्या 'इन्फो' कॉलममध्ये हे होतं. मीच टाइप केलं होतं. आईच्या शेजारी उभं राहून मोठ्याने सांगताना पहिल्यांदा काय बोलतेय ते कळलं.

आम्ही उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते. मी तीन वर्षांची होते, मला काही म्हणजे काही आठवत नाही. किल्लारीचा भूकंप आमच्या घरात बातमीसारखाच सांगितला जायचा. माळवद अर्धं पडलं, आपण वाचलो, संपलं.

आई पाण्याकडे बघत होती. "तुला काकेत घेतलं अन् पळाले," ती म्हणाली. "सोप्यात तुझी आजी झोपलेली. मला आठवल्याच नाहीत बघ त्या. अंगणात आल्यावर आठवलं, तवर मागं धूळच धूळ. थोड्या वेळानं आपल्या आपणच आल्या बाहेर, डोक्यापासून मातीनं भरलेल्या."

"मग?"

"मग काय. पोरगी कुठाय, विचारलं. पुढं वीस वर्षं होत्या आपल्यात. एकदा म्हणून विचारलं नाही त्यांनी. अन् मीही कधी बोलले नाही."

मला काय बोलावं सुचेना. आजीला ठाऊकच असणार, असं काहीतरी पुटपुटले. आई "असंल" म्हणाली आणि पर्समधून उरलेली दशमी काढली. अर्धी मला दिली.

शीट मी तिथेच बंद केली. नंतर फक्त सांकेइएनला गेलो, रेशमाच्या व्यापाऱ्याने, हारा सांकेईने केलेली बाग. तिथला तीन मजली पॅगोडा १४५७चा, क्योतो भागातून उचलून आणलेला. भूकंपानंतर या हाराने स्वतःचे शौक बाजूला ठेवले आणि शहर उभं करायच्या कामाला लागला. आपले टागोर १९१६मध्ये याच बागेत राहिले होते. जाणार असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. आम्ही तळ्याकाठी नुसते बसलो होतो.

परत येताना 'सी बास' या बोटीने आलो. वारा बोचरा होता, मी आतच बसले. आई बाहेर, कठड्याला धरून उभी. बोट चांगली डुलत होती.

"भीती नाही वाटत?"

"हे हलायलाच केलंय की," आई म्हणाली.

सोमवारी सुट्टी काढली होती, आणखी एक रात्र होती. रिसेप्शनवर जाऊन रूम बदलून घेतली. तिसरा मजला, जिन्याला लागून, खिडकीसमोर पार्किंग. सी-व्ह्यूचे जास्तीचे पैसे परत मिळाले नाहीत. आई नऊलाच झोपली आणि बारापर्यंत घोरत होती, म्हणजे मी जागी होते तोवर तरी.