हमीचा कागद

माणसाला शब्द देणे सोपे असते. कागद देणे त्याहून सोपे. शब्द देणाऱ्याला निदान पुढे तोंड दाखवावे लागते. कागदाला तोंडच नसते, नुसती बारीक अक्षरे असतात. चाळीस वर्षे कारकुनी केल्यामुळे त्या अक्षरांशी माझी जुनी ओळख आहे, आणि म्हणून आमच्या नात्यागोत्यात कुणाकडे नवे यंत्र आले की त्याच्या हमीची पुस्तिका वाचनासाठी माझ्याकडे येते. मिक्सरची येते, पंख्याची येते. गेल्या साली नारायणगावच्या भाच्याच्या पिकअपची आली, आणि ती वाचताना माझा चष्मा दोनदा घामाने धूसर झाला.

भाच्याने कर्ज काढून डिझेलची पिकअप घेतली होती. ड्रायव्हर तोच, हमालही बहुतेक वेळा तोच. संध्याकाळी टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि माळशेज घाट उतरून पहाटेच्या आत कल्याणचा बाजार गाठायचा. तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोपर्यंत कंपनीची हमी. सतराव्या महिन्यात भर पावसात घाटात गाडी बसली. टोचन करून वर्कशॉपात आणली. टोमॅटो दुसऱ्या दिवशी बाजारात पोचले, पण भाव त्यांची वाट पाहत थांबला नव्हता. वर्कशॉपात फिल्टर उघडला, तर डिझेलमध्ये चांदीच्या वर्खासारखी चमकी तरंगत होती.

ही चमकी म्हणजे पंपाचेच झिजलेले अंग. इंजिनाच्या बहुतेक भागांना ऑइल मिळते. पण डिझेलला जबर दाब देणारा हा पंप अशा गाड्यांत पोटातून जाणाऱ्या डिझेलवरच आपले वंगण भागवतो. दाब तरी केवढा! काही नव्या पंपांत तो दोन हजार बारपर्यंत जातो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट. डिझेलमध्ये पाणी शिरले किंवा त्याचा वंगणपणा कमी पडला, की लोखंडावर लोखंड घासते. मग पंप एकटा मरत नाही. त्याचा चुरा नळ्यांतून इंजेक्टरपर्यंत जातो, परतीच्या वाटेने टाकीत उतरतो, आणि सारी व्यवस्थाच बदलावी लागते. भाच्याला अंदाज मिळाला पावणेदोन लाखांचा, आणि त्याखाली शेरा : डिझेलमध्ये पाणी आढळले, सबब हमी लागू नाही.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, पाणी काय मी ओतलं? आणि होतं तर मला दाखवा की!"

कुणी म्हणेल, खेड्यातला माणूस, भलत्या ठिकाणी डिझेल भरले असेल. तसे म्हणणाऱ्यांनी जरा अमेरिकेकडे पाहावे. तिथे २०११ सालापासून काही मोठ्या डिझेल पिकअपांत बॉशचा 'सीपी४' जातीचा पंप बसवला गेला आणि नेमकी हीच चमकी तिथल्याही टाक्यांत दिसू लागली. डिझेल सदोष होते असे सांगून हमी नाकारली, अशी तक्रार घेऊन मालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की हा पंप अमेरिकेतल्या डिझेलला मानवणाराच नव्हता. वंगणपणा मोजताना डिझेलमध्ये पोलादी गोळी घासतात आणि तिच्यावर उठलेला व्रण मोजतात. युरोपात तो ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२० पर्यंत. शेवटी २०२१ साली रॅम कंपनीने २०१९ व २०२० च्या दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावून त्यांत जुन्या जातीचा पंप बसवून दिला. जनरल मोटर्सने २०२४ साली पाच कोटी डॉलरांची तडजोड केली. आपल्याकडची मर्यादा युरोपाप्रमाणे ४६० चीच आहे. २०२० च्या एप्रिलपासून डिझेलमधला गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणला, हवेच्या दृष्टीने उत्तमच झाले. पण गंधक काढताना वंगणपणाही जातो, म्हणून तो वेगळे द्रव्य घालून परत द्यावा लागतो.

एवढे सारे शास्त्र वाचून मी एकाच प्रश्नाशी येऊन थांबलो : पाणी होते हे दाखवायचे कुणी? ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे त्याने, की ज्याच्याकडे फक्त हप्त्याचे पुस्तक आहे त्याने? पाण्याने पंप मरतो हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. पण पाण्याशिवायही तो मरतो, आणि मेल्यावर दोन्ही प्रेते सारखीच चमकतात.

सुदैवाने भाच्याला एक चांगली खोड आहे. डिझेलची प्रत्येक पावती तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. सतरा महिन्यांच्या पावत्या, त्याही दोनच पंपांच्या! मी कंपनीला पत्र लिहिले. हमी नाकारल्याचे कारण लेखी द्या, टाकीतल्या डिझेलचा नमुना आमच्यासमोर सीलबंद करा आणि तपासणीचा अहवाल दाखवा. शेवटी कायदाही घातला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही असे पुष्कळांना वाटते. पण २०१९ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा हा ग्राहकच. आपली पिकअप आपण हाकणाऱ्याने हे वाक्य पाठ करावे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेही ध्यानात ठेवावे.

तीन आठवडे गाडी उभी राहिली. हप्ता मात्र उभा राहिला नाही. मग उत्तर आले. अहवाल नव्हता, नमुन्याचा उल्लेख नव्हता. हमी नाकारणे योग्यच होते. तथापि ग्राहकाविषयीच्या सदिच्छेपोटी कंपनी निम्मा खर्च सोसेल. मी म्हणालो, आपण ग्राहक आयोगाकडे जाऊ. भाचा म्हणाला, "मामा, तुमचं खरं हाय. पण निकाल लागंस्तवर टोमॅटो थांबतील का?" आणि त्याने सही केली. त्याला मी दोष देत नाही. ज्याचे पोट रोज रात्री घाट उतरते, त्याला न्यायासाठी मुक्काम करता येत नाही.

पण 'सदिच्छा' हा शब्द तेव्हापासून माझ्या घशाशी अडकला आहे. देणे लागत नसेल तर निम्मे तरी का दिले? आणि लागत असेल तर निम्मे का राखले? हक्काचा पैसा उपकार म्हणून हातावर ठेवला, की घेणाऱ्याची मान खाली जाते आणि पुढच्या माणसाला दाखवायला नजीरही उरत नाही. खरी किंमत वाचते ती तिथे.

तेव्हा या पाडव्याला ज्यांच्या दारी नवी गाडी येईल, त्यांनी हार घालावा, नारळ फोडावा, आणि त्याच दिवशी पावत्यांसाठी एक पिशवी खिळ्याला अडकवावी. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर पाणी लगेच काढून घ्यावे, आणि नकार कधीही तोंडी घेऊ नये. सदिच्छा दिवाळीच्या फराळाबरोबर जरूर द्याव्या, घ्याव्या. हमी मात्र हमी म्हणूनच मागावी.