पंख्याकडे बघणारं बाळ

अडीच महिन्यांचा झाला तरी आमचा मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. पंख्याकडे बघायचा, खिडकीच्या गजांकडे बघायचा. पाजताना मी मान वाकवून त्याच्या तोंडासमोर आले, की त्याची नजर माझ्या कपाळावरून वर सरकून केसांपाशी जाऊन थांबायची. माझ्या आगेमागेच बाळंतीण झालेल्या मामेबहिणीची मुलगी तोवर आईला बघून हसायला लागली होती. तिचे व्हिडिओ रोज यायचे आणि मी कौतुकाचे बदाम पाठवून मोबाइल पालथा घालायचे.

बाळंतपणाला मी माहेरी, बडोद्याला आले होते. आमचं घर दांडिया बाजारात, खंडेराव मार्केटला पायी जाण्याइतकं जवळ. सयाजीराव महाराजांच्या कारभाराला 25 वर्षं झाली, तेव्हा 1906 साली त्यांनी ही इमारत उभारून शहराला दिली आणि तिला आपल्या दत्तक वडिलांचं नाव ठेवलं. आता त्या देखण्या इमारतीत महापालिकेची कचेरी आहे आणि मागे भाजीचा नि फुलांचा बाजार. आईचे भाजीवाले तिथे वर्षानुवर्षांचे ठरलेले. त्यामुळे सुरती पापडी निवडता निवडता तिने नातवाचा विषय काढला, तो बाजारभर व्हायला वेळ लागला नाही.

भाजीवाल्या मासी म्हणाल्या, "नजर लागी हशे, बेन," आणि वांग्यांबरोबर लिंबू-मिरची पिशवीत टाकली. शेजारचे काका म्हणाले, "बधां छोकरां आवां ज होय," सगळी मुलं अशीच असतात, थोडं थांबा. कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन आला, की काजळ घालत जा, डोळे मोठे आणि पाणीदार होतात. रात्री मी एकटीच मोबाइलवर शोधत बसायचे. तिथे दोन ओळींच्या आत स्वमग्नता हा शब्द समोर यायचा आणि झोप उडायची. एकाला दृष्ट वाटत होती, एकाला काहीच वाटत नव्हतं, मला सगळंच वाटत होतं. बाळाच्या डोळ्यांत डोकावून मात्र अजून कुणीच बघितलं नव्हतं.

खरं तर एकदा बघून झालं होतं. मुलगा पाच आठवडे आधी जन्मला, वजन दोन किलोच्या जरा वर. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत डोळ्याचा पडदा तपासतात, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. आमचा त्या रेषेपलीकडचा. पण त्याला प्राणवायू द्यावा लागला होता, म्हणून त्याचाही पडदा तपासला होता. तो ठीक निघाला होता. पण पडदा ठीक म्हणजे नजर ठीक का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं.

शेवटी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी प्रश्न विचारले. दिवा लावला की डोळे मिटतो का? बुबुळं सारखी थरथरतात का? फोटोत एखाद्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसते का? घरात कुणाला लहानपणीच मोतीबिंदू होता का? मग खोलीत अंधार करून त्यांनी हातभर अंतरावरून उपकरणाचा उजेड त्याच्या डोळ्यांवर धरला आणि मलाही त्यातून बघायला लावलं. दोन्ही बाहुल्या तांबूस-नारिंगी चमकत होत्या. "उजेड आत जातोय आणि पडद्यावरून परत येतोय. वाट मोकळी आहे," ते म्हणाले. एक बाहुली काळपट किंवा पांढरी दिसली असती, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. जन्मजात मोतीबिंदू एकाच डोळ्याला असेल, तर शस्त्रक्रिया साधारण पहिल्या सहा आठवड्यांत झालेली बरी. पहिल्या महिन्यांत डोळ्याकडून चित्रच पोचलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही काळ शिवून हे दाखवून दिलं होतं. 1981 चं नोबेल त्यांना दृष्टीवरच्या संशोधनासाठीच मिळालं.

मग त्यांनी कॅलेंडर काढलं. "तुम्ही जन्मतारखेपासून मोजताय. मी दिलेल्या तारखेपासून मोजतो." त्या हिशेबाने आमचा मुलगा जेमतेम सव्वा-दीड महिन्याचा होता. डोळ्याला डोळा देणं आणि ओळखीचं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास येतं. म्हणजे त्याला अजून उशीर झालेलाच नव्हता. नवजात बाळाला जेमतेम वीतभर ते फूटभर अंतरावरचं नीट दिसतं, पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याइतकं. त्यातही आधी डोळ्यांत भरतात त्या ठळक कडा. पांढऱ्या छतावरची तपकिरी पाती, उजेडातले काळे गज, कपाळ आणि केस यांच्यामधली रेघ. मला टाळून तो इकडेतिकडे बघत होता असं मला वाटत होतं. तो दिसत होतं तेच बघत होता.

स्वमग्नतेचं विचारल्यावर ते म्हणाले, एवढ्या लहान वयात नुसत्या नजरेवरून कुणी ते ठरवत नाही. काजळाला साफ नकार: त्यात शिसं असू शकतं आणि बोटाने जंतुसंसर्ग होतो. शेवटी थांबायलाच सांगितलं, पण हद्द आखून. दिलेल्या तारखेपासून तीन महिने झाले तरी चेहऱ्यामागे नजर फिरली नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. बुबुळं थरथरली किंवा बाहुली पांढरी दिसली, तर एक दिवसही थांबायचं नाही.

थांबायला काकांनीही सांगितलंच होतं. पण तपासून थांबणं वेगळं. त्यात रात्री झोप लागते.

घरी खेळणी आणली नाहीत. पोट भरलेलं, झोप झालेली असताना त्याला मांडीवर घेऊन चेहरा फूटभर अंतरावर धरायचा, गप्प राहायचं आणि सावकाश इकडून तिकडे न्यायचा. तो पहिल्यांदा कुणाच्या मागे बघत गेला असेल, तर माझ्या आईच्या. तिच्या चष्म्याची काळी जाड फ्रेम माझ्यापेक्षा सरस ठरली. माझ्याकडे बघून हसला तो त्यानंतर, तेव्हा आई म्हणाली, "घे, तुझाही नंबर लागला."

तीन महिन्यांची हद्द यायच्या आत तो खोलीभर माणसं शोधायला लागला. मी त्याला घेऊन मार्केटला गेले, तेव्हा मासींनी सगळं श्रेय लिंबू-मिरचीला दिलं. मी वाद घातला नाही. त्यांच्या सुनेला सातवा लागला होता. मी एवढंच म्हटलं, की दवाखान्यातून घरी न्यायच्या आधी बाळाच्या दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बघितलाय का, हे डॉक्टरांना विचारा. "लखी आपो," मासी म्हणाल्या, आणि पिशवीतल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी ते गुजरातीत लिहून दिलं.