चार वेशी आणि एक दिंडी

कुलूप ही वस्तू मनुष्याच्या अविश्वासातून जन्मास आली, असे मानण्याचा प्रघात आहे. आम्हांस ते सर्वस्वी खरे वाटत नाही. जो मनुष्य कुलूप लावतो त्याचा जगावर विश्वास नसतो हे कबूल. पण त्याचा स्वतःवर मात्र अपार विश्वास असतो. उघडण्याची वेळ येईल तेव्हा किल्ली आपल्याच हाती असेल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. ह्या दोहोंपैकी जगावरील अविश्वास फारसा अपाय करीत नाही. स्वतःवरील विश्वास मात्र कधी काय प्रसंग आणील ह्याचा नेम नाही. हे तत्त्व आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. ते आम्हांस गेल्या चैत्रात, भर दुपारी, रस्त्यात उभे राहून, अवघ्या दहा मिनिटांत शिकावे लागले.

आमचे वास्तव्य वाशीम जिल्ह्यातील कारंजा गावी. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रातील भाविकांस हे गाव परिचित आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याची वाटणी होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा आमच्या गावाचा जिल्हा बदलला. पण वेशींची नावे काही बदलली नाहीत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे येथील लोकांच्या तोंडी आजही आहेत. ज्या दिशेला जे गाव, त्या दिशेच्या वेशीला त्याचे नाव. मात्र एका वेशीने एकदम दिल्लीच गाठली आहे, हा आमच्या पूर्वजांच्या दृष्टीचा पल्ला समजावा! गावास चार वेशी म्हणजे दिवे लागल्यावर चार ठिकाणी दारे लावणे आले, चार ठिकाणी अडसर सारणे आले आणि चार ठिकाणी पहारेकऱ्यांवर भिस्त ठेवणे आले. तिघांनी आपले काम चोख करावे आणि चौथ्याचा डोळा लागावा, म्हणजे तिघांचीही मेहनत पाण्यात.

आमच्या तीर्थरूपांच्या अँबॅसिडर गाडीची हीच अवस्था होती. त्या गाडीलाही चार दारे, आणि प्रत्येक दाराचा कारभार निराळा. गाडी उभी केली की तीर्थरूप आत वाकून एकेका खिडकीशी असलेली खुंटी खाली दाबीत, दार लावीत, आणि मग बाहेरून गाडीला प्रदक्षिणा घालून प्रत्येक मूठ ओढून पाहत. ही प्रदक्षिणा त्यांनी देवळात कधी चुकविली असेल, पण गाडीभोवती कधीही चुकविली नाही. तरीही मागील डावे दार उघडे राहावयाचेच. आणि ते कोणामुळे राहिले ह्याविषयी परतीच्या प्रवासात जो वाद होई, तो घरी पोहोचेपर्यंत पुरे. त्या गाडीची निर्मिती २०१४ साली थांबली. आमच्या घरातील त्या जातीचे वाद त्यापूर्वीच थांबले होते. कारण आमच्याकडे चारही दारांस एकाच कळीने कुलूप घालणारी नवी मोटार आली होती. ह्या योजनेस ‘सेंट्रल लॉकिंग’ म्हणतात. कोणी तिला मध्यवर्ती कुलूप म्हणोत. आम्ही तिला चार वेशींचा एकच पहारेकरी म्हणतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ च्या सुमारास आपल्या श्रीमंती थाटाच्या गाड्यांत विजेवर चालणारी दारांची कुलुपे दिली. पुढे १९८२ साली फ्रान्समधील रेनो कंपनीच्या फुएगो ह्या गाडीस दुरून उघडझाप करणारी किल्ली मिळाली. ती पॉल लिपशुट्झ नामक गृहस्थांनी योजिली म्हणून त्यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन फ्रेंच लोक अशा किल्लीस ‘प्लिप’ म्हणू लागले. आपल्याकडे मात्र ही सोय मध्यमवर्गाच्या दाराशी येण्यास बराच काळ जावा लागला.

ह्या यंत्राचे अंतरंग आम्ही आमच्या मिस्त्रीकडून समजून घेतले, आणि ते समजल्यावर त्याच्याविषयीचा आमचा आदर वाढला. प्रत्येक दाराच्या पोटात, पत्र्याच्या आड, एक चिमुकली मोटर बसविलेली असते. ड्रायव्हरच्या दारातील कळ दाबली, अथवा हातातील किल्लीचे बटन दाबले, की तो निरोप गाडीतील एका विद्युत् पेटीकडे जातो. आणि ती पेटी चारही मोटरींस एकाच क्षणी वीज पुरविते. वीज एका दिशेने वाहिली की मोटर एका अंगास फिरून दारातील सळई कुलपाच्या बाजूस सरकविते. तीच वीज उलट दिशेने वाहिली की मोटर उलट फिरते आणि कुलूप निघते. सगळा व्यवहार एका सेकंदाच्या आत आटोपतो. आपल्या कानांवर येतो तो केवळ ‘खट्’ असा एक आवाज. वास्तविक ते चार पहारेकऱ्यांचे एका सुरातले ‘होय महाराज’ असते.

परंतु मिस्त्रीने सांगितलेली खरी गंमत पुढेच आहे. कुलूप दाराला धरून ठेवीत असेल, अशी आमची आजवर समजूत होती. ती चुकीची निघाली. दाराला धरून ठेवतो तो खटका; आणि दार नुसते लावले तरी तो चौकटीवरील आकड्यास घट्ट बिलगलेला असतोच. कुलूप फक्त बाहेरची मूठ आणि तो खटका ह्यांच्यामधील संबंध तोडते. मग मूठ कितीही ओढा. ती हलते, मागे-पुढे होते, पण खटका तिचे ऐकत नाही. हे ऐकून आम्हांस आमच्या सेवानिवृत्तीनंतरच्या दिवसांची आठवण झाली. आमचे बोलणे घरात पूर्वीप्रमाणेच चालते. फक्त मधली सळई कोणीतरी काढून घेतली आहे.

दुरून चालणाऱ्या किल्लीचीही एक खुबी आहे. किल्ली गाडीला बिनतारी लहरींतून जो शब्द कळविते, तो प्रत्येक खेपेस निराळा असतो. पुढचा शब्द कोणता, हे किल्ली आणि गाडी ह्या दोघींसच ठाऊक. म्हणून चोराने आडोशास उभे राहून आजचा शब्द टिपून घेतला तरी उद्या तो कुचकामी ठरावा, अशी योजना असते. पूर्वी किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द रोज बदलीत. त्यातलाच हा प्रकार. बॅटरी उतरली तर हे सारे शब्दपांडित्य मुके होते, आणि ड्रायव्हरच्या दारातील भोकात साधी लोखंडी किल्ली घालून फिरवावी लागते. थोडक्यात, बाहेरच्या मनुष्यास आत येऊ न देण्याचा ह्या यंत्राने पुरेपूर विचार केला आहे. आता आतल्या मनुष्यास बाहेर येऊ देण्याची हकीकत सांगतो.

त्या दिवशी आम्ही आमच्या चार वर्षांच्या नातीस घेऊन दिल्ली वेशीकडे निघालो होतो. वाटेत रसवंतीचे घुंगरू ऐकू आले. गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी केली, यंत्र बंद केले, काचा वरच होत्या. नात मागल्या आसनावर पेंगुळलेली. ती कुरकुर करू लागली म्हणून तिच्या हाती खेळावयास काही द्यावे असे मनात आले. आणि आमच्या हाती जे होते तेच आम्ही दिले. ती किल्ली होती. “दोन मिनिटांत आलो” असे म्हणून आम्ही दार लावले. चार पावले गेलो असू नसू, तोच मागे ‘खट्’ असा आवाज झाला. चारही वेशी लागल्या होत्या. किल्ली आत, नात आत आणि आम्ही बाहेर!

प्रथम आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे. काचेवर टिचकी मारून “पुन्हा दाब” अशी खूण केली. पण आजोबा बाहेर आणि आपण आत, हे ध्यानात येताच तिने भोकाड पसरले. किल्ली हातून सुटली आणि आसनाखाली कोठे गेली ती दिसेना. बाहेर पारा ४३ अंशांवर होता. बंद गाडीतील हवा पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी तापते, काच बोटभर उघडी असली तरी विशेष फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या मानाने तीन ते पाच पट वेगाने तापते, हे सगळे आम्ही पुढे वाचले. त्या क्षणी आम्हांस दिसत होते ते एवढेच, की तिचे कपाळ घामाने डबडबले आहे आणि ती मागल्या दाराची मूठ सारखी ओढते आहे. मूठ हलत होती. दार उघडत नव्हते. दुसरी किल्ली घरी, घर दीड कोसावर. आम्ही रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला आणि समोरच्या काचेवर नेम धरला.

“काकाजी, समोरची काच फोडू नोका,” असे म्हणत पंक्चरच्या दुकानातला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा धावत आला. “ते फुटत नाई, निस्ती जाळं धरते. फोडाचीच वेळ आली त पोरीपासून दूरची बाजूची काच फोडू. पयले पोरीले पुढं येऊ द्या.”

“अरे, ती दार ओढते आहे, ते उघडत का नाही?”

“मांगच्या दाराले लेकराइचा लॉक लावला हाय ना तुमी. ते आतून उघडतच नाई.”

तो लॉक आम्हीच लावला होता! चालत्या गाडीत मुलीने दार उघडू नये म्हणून मागल्या दारांच्या कडेस असलेली ती बारीकशी कळ गाडी आणली त्याच दिवशी आम्ही मोठ्या दूरदृष्टीने फिरविली होती. बाहेरच्या मुठीचा संबंध सेंट्रल लॉकिंगने तोडला होता. आतल्या मुठीचा संबंध आम्ही स्वहस्ते तोडला होता.

त्या मुलाने मग जे केले ते आम्हांस सुचले नसते. त्याने काचेला नाक लावून वेडेवाकडे तोंड केले. नात रडता रडता थांबली. मग तो पुढच्या काचेशी गेला, तेथूनही त्याने तोंड वेंगाडले, आणि बोटाने तिला पुढे बोलाविले. ती दोन आसनांच्या मधून रांगत पुढे आली. त्याने आपल्या बाहेरच्या मुठीवर हात ठेवून ओढून दाखविले; तिने आतली मूठ धरली. एकदा ओढली, काही झाले नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढण्याची खूण केली. तिने दोन्ही हातांनी ओढली, आणि दार उघडले. तत्क्षणी मोटारीने ‘चोर, चोर’ म्हणून असा काही टाहो फोडला की अर्धी बाजारपेठ जमा झाली. चोर ह्या नात्याने आम्ही खाली मान घालून उभे होतो. नात कडेवर आली तेव्हा तिचा झगा ओलाचिंब होता. आमचे हात पुढे पुष्कळ वेळ थरथरत होते.

पुढल्या दाराची आतली मूठ कुलूप असतानाही दार उघडते, ह्यात चमत्कार काही नाही. पुष्कळ मोटारींत ती मूठ ओढली की आधी कुलूप सुटते आणि मग खटका. काही मोटारींत ती दोनदा ओढावी लागते. तिला ना वीज लागते ना किल्ली. अपघातात हवेच्या पिशव्या फुगल्या की कुलुपे आपोआप सुटावीत, अशीही व्यवस्था अनेक मोटारींत आहे. पण काही मोटारी अशाही आहेत, की बाहेरून किल्लीने कुलूप घातले म्हणजे आतल्या मुठीही निरुपयोगी होतात. आपली मोटार कोणत्या जातीची, हे वाचकांनी आजच, स्वतः आत बसून आणि दुसरी किल्ली बाहेरच्याच्या हाती देऊन, पाहून घ्यावे. आम्ही इतकी वर्षे गाडी चालविली, पण ही परीक्षा कधी केली नव्हती. २०२३ च्या जून महिन्यात नागपुरात तीन लहान मुले खेळता खेळता उभ्या असलेल्या एका मोटारीत शिरली आणि आतच दगावली. ती बातमी आम्ही तेव्हा वाचली होती, हळहळलो होतो, आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवून दिली होती. दुसऱ्याच्या दारातील अनर्थ आपल्या दारास लागू नाही, ही समजूत किती घट्ट बसलेली असते!

त्या दिवसापासून आमच्या घरी तीन नियम झाले आहेत. किल्ली मुलांच्या हाती द्यावयाची नाही. उभ्या गाडीतही कुलूप घालून ठेवावयाचे, म्हणजे मुले नकळत आत शिरणार नाहीत. आणि मूल आत असता ‘दोन मिनिटे’ हा शब्द उच्चारावयाचा नाही. शिवाय दर रविवारी नात पुढल्या आसनावर बसून आतून दार उघडण्याचा पाठ म्हणते. पंक्चरच्या दुकानातील आमच्या गुरूंनी काही घेण्याचे साफ नाकारले. शेवटी मोठ्या मिनतवारीने एक पेला उसाचा रस स्वीकारला.

परवा त्याच रस्त्याने जाताना नातीने विचारले, “आबा, गावाची वेस लावल्यावर आतली माणसे बाहेर कशी येत?” आम्ही तिला सांगितले, की जुन्या मोठ्या दरवाजांना एक लहानशी दिंडी असे, दरवाजा बंद असला तरी अडल्या-नडलेल्या माणसाने वाकून तीतून जावे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आणि दिंडीला आतून मूठ होती ना?” होती, असे आम्ही उत्तर दिले, आणि गाडीतून उतरण्यापूर्वी खिशातील किल्ली पुन्हा एकदा चाचपून पाहिली.